सुगंध कुणासाठी? आपल्यासाठी की मोतीसाठी?

पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून दिवाणखाना आवरून ठेवलेला. नेमका त्याच वेळी मोती भिजून येतो आणि सोफ्याजवळ अंग झाडतो. ओल्या कुत्र्याचा तो वास! घरातल्या बाईंचा हात चटकन सेंटच्या बाटलीकडे जातो. दोन फवारे मारले, काम झाले! मोती मात्र शिंकत बाल्कनीत पळतो, फरशीवर अंग घासतो आणि रात्री उशिरापर्यंत पाठ खाजवत बसतो.

माणसांचे सेंट किंवा डिओडरंट प्राण्यांच्या अंगावर कधीच मारू नये. त्यात अल्कोहोल असते, त्याने कातडी कोरडी पडून खाज सुटते. शिवाय कुत्र्याचे नाक! आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक असल्याचे मानतात. आपल्याला मंद वाटणारा मोगरा त्याला किती उग्र वाटत असेल! आपण त्या खोलीतून उठून जाऊ शकतो. त्याला तो वास अंगावर घेऊनच झोपावे लागते.

प्राण्यांसाठी खास बनवलेले सुगंधी फवारे आता सगळ्या मोठ्या शहरांत मिळतात. घ्यायचाच असेल तर बाटलीवरचे चित्र पाहून घेऊ नका, लेबल वाचा. तो कोणत्या प्राण्यासाठी आहे, अल्कोहोलविरहित आहे का, घटकांची यादी पूर्ण दिली आहे का, हे पाहा. नुसतेच ‘सुगंधी द्रव्ये’ लिहिले असेल तर बाटली परत ठेवलेली बरी. ‘नैसर्गिक’ या शब्दालाही भुलू नका. टी ट्री तेल वनस्पतीचेच असते, पण ते कुत्र्यालाही बाधते आणि मांजराला त्याहून जास्त.

मांजराची गोष्टच वेगळी

मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. म्हणजे तिच्या अंगावर जे मारले ते थोड्याच वेळात पोटात गेले असे समजा. त्यातून मांजराच्या यकृतात काही द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा फारच दुबळी असते. निलगिरी, लवंग, दालचिनी, विंटरग्रीन, संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल, हे सगळे तिला विषासमान. फरशी पुसायचे फिनेलही त्यातलेच. ओल्या फरशीवरून चालून मनी पाय चाटते, हे किती जणांच्या लक्षात येते?

याहून मोठा धोका कुत्र्यासाठी आणलेल्या गोचीड-पिसवांच्या फवाऱ्याचा. त्यात पर्मेथ्रिन असेल तर तो मांजराच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला फवारा मारल्यावर अंग पूर्ण वाळेपर्यंत तरी मनीला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका. मांजराची लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, चाल लटपटू लागली तर घरगुती उपाय करत बसू नका. उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जा.

खरे तर मांजराला सुगंधाची गरजच नसते. कंगवा आणि ओले फडके पुरते. घरात दोन मांजरे असली तर एकीचा वास बदलताच दुसरी तिला ओळखेनाशी होते आणि फिस्कारू लागते, ते वेगळेच.

कुत्र्यासाठी वापरताना आधी अंग कोरडे करून ब्रश फिरवा. पहिल्यांदा थोड्याशा जागी लावून एक दिवस थांबा. नंतरही फवारा थेट अंगावर न मारता ब्रशवर दोनदा मारून पाठीवरून फिरवावा. तोंड, डोळे, कान आणि जखमा यांपासून दूर ठेवावा. ‘फुस्स’ आवाजाच्या डब्यापेक्षा पंपाची बाटली बरी. त्या आवाजाने प्राणी बिचकतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच श्वास घ्यायला त्रास, त्यांच्याजवळ फवारे टाळलेलेच बरे.

वास काय सांगतो?

निरोगी कुत्र्याला थोडा वास असतोच. पण आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांत दुर्गंधी परतत असेल तर ती झाकू नका, शोधा. कानातून आंबूस वास येणे म्हणजे बहुधा कानाचा संसर्ग. माशासारखा वास मागच्या बाजूने येत असेल तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरलेल्या असतात. तोंडाची घाण हिरड्यांची असू शकते. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडाला लघवीसारखा वास आला तर मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. पावसाळ्यात दाट केसांखाली एखाद्या लहानशा जखमेत अळ्या पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कळते ते वासानेच. त्यावर रोज गुलाबाचा फवारा मारत राहिले तर डॉक्टरकडे जाण्याचे दिवस हकनाक वाया जातात.

आणि पुष्कळदा वास मोतीला नसतोच, त्याच्या गोधडीला असतो. पावसाळ्यात त्याच्या दोन गोधड्या ठेवाव्यात. एक त्याच्या अंगाखाली, दुसरी गरम पाण्यात धुऊन पंख्याखाली वाळत. भिजून आला की पुसायला दाराशी एक जुना पंचा टांगलेला असावा, आणि पुसताना पायांच्या बोटांमधल्या बेचक्या विसरू नयेत.