रूट कॅनालनंतर दाढेला टोपी कशासाठी?

समजा, वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दहून कोणी दुखरी दाढ घेऊन नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. रूट कॅनाल झाले, ठणका थांबला. आता टोपी, म्हणजे कॅप, बसवायला पुन्हा जायचे तर दिवस मोडणार, खर्च होणार. फेरी राहून जाते आणि एके दिवशी सुपारी चावताना दाढ उभी चिरते. असे का व्हावे?

मज्जा काढल्यावर दात वाळून ठिसूळ होतो, असा समज आहे. 1992 साली सेजली आणि मेसर यांनी उपचार झालेल्या व न झालेल्या दातांच्या 23 जोड्या तपासल्या. डेंटिनच्या ताकदीत आणि चिवटपणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे कारण पदार्थात नसून रचनेत आहे.

ते वर्गात दाखवता येईल. आगपेटीचा आतला खण घ्या. त्याच्या लांब भिंती बोटांनी बाहेर रेटा. त्या फारशा हलत नाहीत. आता दोन्ही आखूड भिंती कापा आणि पुन्हा रेटा. लांब भिंती सहज फाकतात. दाढेचेही तसेच आहे. गालाकडचे व जिभेकडचे उंचवटे पुढच्या व मागच्या कडांनी बांधलेले असतात. किडीत या कडा गेल्या की घास पाचरीसारखा उंचवटे फाकवतो. 1989 साली रीह, मेसर व डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर मोजले, तेव्हा केवळ रूट कॅनालने दाताचा ताठरपणा सुमारे 5 टक्के घटला. दोन्ही कडा गेल्यावर मात्र 63 टक्के!

आता खणावर बाहेरचे वेष्टन सरकवा. भिंती पुन्हा आवळल्या जातात. टोपी हेच काम करते. मात्र तिला पकड मिळण्यासाठी हिरडीच्या वर चोहोबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरलेला हवा. मुळात बसवलेली खुंटी भराव धरून ठेवते, दाताला बळकटी देत नाही. पुढचा दात फारसा झिजला-किडला नसेल, तर बहुधा साधे भरणही पुरते.

आणखी एक धोका आहे. तात्पुरते सिमेंट झिजले की लाळेतील जीवाणू पुन्हा मुळाशी पोचतात. मज्जा नसल्याने दात आधीसारखी सूचना देत नाही. म्हणून ठणका थांबला म्हणजे उपचार संपला, असे समजू नये. दुसरी फेरी टाळली, तर पहिल्या फेरीत वाचवलेली दाढच गमवावी लागते.