डबाबंद माशांतील पारा : मर्यादा कशाच्या आधारे?

ट्यूना माशाचा डबा युरोप-अमेरिकेतील असंख्य घरांत कायम असतो. स्वस्त, टिकाऊ आणि प्रथिनयुक्त अन्न म्हणून त्याची ख्याती आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ब्लूम' व 'फूडवॉच' या स्वयंसेवी संस्थांनी पाच युरोपीय देशांतून घेतलेल्या १४८ डब्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. प्रत्येक डब्यात पारा आढळला.

हा पारा डब्यातून येत नाही. कोळशाचे ज्वलन, सोन्याच्या लहान खाणी आणि ज्वालामुखी यांतून हवेत गेलेला पारा अखेर समुद्रात उतरतो. तेथे सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल मर्क्युरी या अधिक घातक संयुगात रूपांतर करतात. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे दीर्घायुषी, शिकारी ट्यूनात ते अधिक, तर तारलीसारख्या लहान माशांत कमी असते. हे संयुग मांसातील प्रथिनांना चिकटलेले असल्याने तेल निथळून किंवा मासा शिजवूनही ते जात नाही.

मिथाइल मर्क्युरी मज्जासंस्थेवर आघात करते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून झालेल्या विषबाधेने हे जगासमोर आणले. डब्यातील प्रमाण त्या मानाने फारच अल्प असते. तथापि गर्भाच्या वाढत्या मेंदूसाठी अल्प प्रमाणही चिंतेचे ठरू शकते.

खरा वाद मर्यादेचा आहे. डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेत किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडल्यामुळे सुमारे १० लाख डबे बाजारातून काढण्यात आले. न्यायालयीन वादानंतर १९७९ मध्ये ती दुप्पट करण्यात आली. युरोपीय संघात आज कॉड माशासाठी ०.३ मिलिग्रॅम, तर ट्यूनासाठी १ मिलिग्रॅम मर्यादा आहे. खाणाऱ्याच्या शरीराला हा भेद कळत नाही. त्या माशात प्रत्यक्षात किती पारा सापडतो, याचा विचार मर्यादा ठरवताना होतो. वरील तपासणीत निम्म्याहून अधिक डबे ०.३ मिलिग्रॅमच्या वर होते.

अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या निकषानुसार ६० किलो वजनाच्या स्त्रीने आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक मिथाइल मर्क्युरी घेऊ नये. अमेरिकी सरकारी नमुन्यांच्या सरासरीनुसार अल्बाकोर जातीच्या, म्हणजे 'व्हाइट' ट्यूनाच्या ११३ ग्रॅमच्या एका वाढणीत सुमारे ४० मायक्रोग्रॅम पारा असतो. मुख्यतः स्किपजॅकपासून बनणाऱ्या 'लाइट' ट्यूनात तो सुमारे १४ भरतो. म्हणूनच गर्भवतींना तेथे 'लाइट' ट्यूना आठवड्यातून दोन-तीन वेळा, तर अल्बाकोर एकदाच खाण्याचा सल्ला दिला जातो.

मासे वर्ज्य करावेत, असा याचा अर्थ नाही. गर्भाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले माशांतूनच उत्तम मिळतात. तारली किंवा सामन हे पर्याय अधिक सुरक्षित आहेत.

पाऱ्याचा वापर व उत्सर्जन रोखणारा मिनामाता करार २०१७ पासून अमलात आहे. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मात्र समुद्रात साठलेला पारा लवकर ओसरणारा नाही. तोवर डबा घेताना माशाची जात वाचणे, हाच ग्राहकाच्या हातातील सोपा उपाय आहे.