खोक्यातली रवणी

कोंबडी गेली तो रवणीचा एकोणिसावा दिवस होता. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते. दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत जरा लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत अंड्यांवर येऊन बसते. तेवढ्यात अंगणात शिरलेल्या भटक्या कुत्र्याने तिला धरलं. मी धावत पोचले तेव्हा पिसंच उरली होती. पाटीतल्या अंड्यांना हात लावला, तर ती अजून तिच्या अंगाइतकीच गरम.

फेब्रुवारीचा मध्य होता. आमचं सरोजिनी नगर लखनौच्या दक्षिणेला, कानपूर रस्त्यावर, अमौसी विमानतळाजवळ. या दिवसांत इथे रात्री अजून चांगलीच थंडी असते. अकरा अंडी ठेवली होती. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली तेव्हा दोन आरपार स्वच्छ दिसली. वांझ, ती काढून टाकली. उरलेल्या नवांत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या होत्या.

आईला शिराळ्याला फोन लावला. “अगं, रडत बसू नको. ऊब तुटू देऊ नको, आणि आता अंडी फिरवू नको.” कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटीपालटी करत असते, म्हणून आतला जीव कवचाला चिकटत नाही. शेवटचे तीन दिवस मात्र पिल्लू बाहेर पडण्यासाठी वळून बसलेलं असतं, तेव्हा ती अंडी तशीच राहू देते. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिने तिच्या सासूच्या खुराड्यात पाहिलं होतं.

मला हवा होता साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. तीन दुकानं फिरले, सगळीकडे एलईडी. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. शेवटी घरमालकीण चाचींनी ट्रंकेतून एक काढून दिला. थर्माकोलचं खोकं, हवेसाठी भोकं, कोपऱ्यात ओल्या फडक्याची वाटी, अंड्यांच्या उंचीला थर्मामीटर. पारा साडेसदतीस अंशांवर आणायला मला दुपार लागली. हवा कोरडी पडली तर कवचाच्या आतला पापुद्रा कातड्यासारखा चिवट होतो आणि पिल्लू आतच अडकतं, म्हणून ते फडकं. रात्री वीज गेली. चाची मायेने निखाऱ्यांची बोरसी, म्हणजे शेगडी, घेऊन आल्या. बंद खोलीत कोळशाचा धूर माणसाला मारतो, तिथे पिल्लांची काय कथा, म्हणून ती अंगणातच ठेवायला विनवलं. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन तास काढले.

एकविसाव्या दिवशी पहाटे अंड्यातून आवाज आला. कवच अजून अखंड होतं. कानाशी धरलं तर आत टकटक, मधूनच बारीक चिवचिव. सात वाजता पहिला टवका उडाला. मग तासन् तास काही नाही! बोटं शिवशिवत होती. पण आईने बजावलं होतं, “सोलायला जाऊ नको, रक्त येईल.” खरंच आहे ते. त्या तासांत पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात जातं, उरलेला बलक पोटात ओढला जातो. घाई केली की पिल्लू रक्ताळतं. रात्री नऊला अंडं गोल चिरलं गेलं आणि एक ओलं, थकलेलं पोर बाहेर पडलं. चोचीच्या टोकावर कवच फोडण्यापुरता आलेला पांढरा दाणा होता, तो दोन दिवसांत गळून गेला.

दुसऱ्या रात्रीपर्यंत आठ झाली. नववं कवचातच गेलं.

पोटातला बलक त्यांना दोन दिवस पुरतो. याच जोरावर एक दिवसाची पिल्लं भोकांच्या खोक्यांतून लांबच्या गावी पाठवता येतात. म्हणून खायला घालायची घाई मी केली नाही. आधी गुळाचं कोमट पाणी. प्रत्येकाची चोच एकदा बुडवली की पुढचं ते स्वतः शिकतं. थाळीत गोटे टाकले, कारण बोटभर पाण्यातही पिल्लू बुडून मरतं.

चूक माझ्याकडून झाली ती कागदाची. तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं होतं. तिसऱ्या दिवशी एकाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले, उठायला गेलं की पोटावर आपटायचं. कागद काढून गोणपाट अंथरलं आणि त्याच्या दोन पायांमध्ये बोटभर अंतर ठेवून चिकटपट्टीची सैल बेडी घातली. तीन दिवसांनी सोडलं तेव्हा ते उभं राहिलं. माझे डोळे भरून आले.

पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी बल्ब वर वर टांगायचा. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात. बल्बखाली ढीग करून कर्कश ओरडली तर गारठलीत. चोच उघडी ठेवून भिंतीला लागली तर उकडतंय. खोकंभर विखरून, पुटपुटल्यासारखी बोलत असली तर आपण झोपावं. रात्री मी त्या आवाजावर झोपायचे, तो बदलला की जाग यायची.

सातव्या दिवशी लासोटा, मानमोडीची लस. हिंदीत त्या रोगाला रानीखेत म्हणतात, कुमाऊँतल्या गावाच्या नावावरून. मिळाली ती शंभर मात्रांची कुपी, माझी पिल्लं आठ. आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. घरगुती पाळणारा याच ठिकाणी लस टाळतो, आणि मग वस्तीच्या वस्ती साफ होते. लहान कुप्या मिळायला हव्यात, हे मला फार वाटतं. चाचींनी गल्लीतली आणखी तीन घरं जमवली. बर्फात ठेवलेली कुपी, प्रत्येकाच्या एका डोळ्यात एक थेंब. पिल्लू डोळा मिटतं, तो थेंब आत जाईपर्यंत त्याला सोडायचं नाही.

त्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मियाँजींनी पाय फाकलेलं पिल्लू उचलून त्याची मान न्याहाळली. “असील का ख़ून है इसमें।” असील म्हणजे झुंजीची जात. नवाबी काळातल्या कोंबड्यांच्या झुंजींबद्दल उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुज़िश्ता लखनऊ’मध्ये लिहिलंय. मियाँजींच्या बोटांना ती पारख अजून होती.

मार्च सरता सरता पंखांवर, पाठीवर खरी पिसं आली. मी बल्ब काढला. आठही जण त्याच जागी, जिथे तो टांगलेला असायचा, तिथेच एकमेकांत माना खुपसून बसले. त्या रात्री दोनदा उठले. दोन्ही वेळा ती हळू पुटपुटत होती.