‘हे एआयने लिहिलंय’ असं कुणी म्हटलं तर?

परवा एका ज्युनिअरचा फोन आला. “ताई, प्रपोजल मी स्वतः लिहिलंय, पण डिटेक्टर ८० टक्के एआय दाखवतोय. आता काय करू?” ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते, म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी एक गोंधळ दूर करा. प्लेजरिझमचा रिपोर्ट आणि एआयचा स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेजरिझमच्या रिपोर्टमध्ये तुमचं वाक्य कुठल्या मजकुराशी जुळतं ते दिसतं आणि गाईडला ते तपासता येतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. एआयच्या स्कोअरमागे मात्र दाखवायला मूळ मजकूरच नसतो. तो फक्त अंदाज असतो.

हा अंदाज कसा बांधतात? चॅटजीपीटीसारखं मॉडेल पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त आहे हे बघत लिहितं. त्यामुळे अनेक डिटेक्टर शब्द किती ‘अपेक्षित’ आहेत हे मोजतात. आता सांगा, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी कसं लिहितो? साधं, ओळखीच्या शब्दांत. तिथेच तो अडकतो.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. गंमत म्हणजे तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून ‘भारी’ इंग्रजीत करून घेतल्यावर संशय बराच कमी झाला.

ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्टमध्ये टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंद केला. त्यांचा हिशोब सोपा होता: वर्षाला ७५,००० पेपर, चूक फक्त १ टक्का धरली तरी ७५० जणांवर खोटा आळ.

मग मूल्यमापन करायचं कसं? सिडनी विद्यापीठाने दोन वाटा केल्या. काही परीक्षा समोर बसवून किंवा तोंडी, बाकीच्या कामात एआय वापरायला मोकळीक. आपल्याकडचा व्हायवा हा पहिल्याच वाटेवरचा आहे.

तुम्ही आजपासून एवढं करा:

१. एकाच फाईलमध्ये लिहा आणि व्हर्जन हिस्टरी जपून ठेवा.
२. वाचनाच्या नोंदी तारखेसह ठेवा.
३. एआय कुठवर चालेल हे गाईडना आधीच विचारा, आणि वापरलंत तर स्पष्ट लिहा.
४. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ पेपर उघडून तपासा. नसलेले पेपरही तो बिनधास्त सांगतो.
५. प्रत्येक परिच्छेद कागद न बघता समजावता येतो का ते बघा.

त्या ज्युनिअरने गाईडना जुने ड्राफ्ट दाखवले. त्यांनी पद्धतीवर तीन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, आणि विषय तिथेच संपला. स्कोअर मात्र ८० टक्केच होता.