कच्चा ब्राउझर चाखून बघताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मुदत बाराला संपणार होती. फोटो, सही, दहावीची गुणपत्रिका, सगळं अपलोड झालं. कार्डाने पैसे भरले, मोबाइलवर ओटीपी आला, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेजही आला आणि पावतीच्या जागी पडद्यावर एकच ओळ उमटली, ‘तुमचं सत्र संपलं आहे, पुन्हा लॉगइन करा.’ पुन्हा लॉगइन केलं तर फॉर्मपुढे ‘शुल्क बाकी’!

मुलगी रडवेली झाली. हे म्हणाले, ‘‘परत पैसे भर.’’ मी म्हटलं, ‘‘जरा थांबा.’’ तेवढ्यात इंजिनीअरिंगला असलेला मुलगा आतल्या खोलीतून आला, पडद्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘आई, तू कुठला आयकॉन उघडलास?’’

दोन दिवसांपूर्वी त्याने घरच्या लॅपटॉपवर एका ब्राउझरची चाचणी आवृत्ती टाकली होती. दोन्ही आयकॉन दिसायला सारखेच, फक्त रंग वेगळा. घाईत मी रंगाकडे बघितलंच नव्हतं. शेवटी नेहमीच्या ब्राउझरमधून दुसऱ्यांदा पैसे भरले, तेव्हा पावणेअकराला पावती हातात आली. पहिले पैसे परत यायला नऊ दिवस लागले.

त्या रात्री मुलाला भरपूर बोलणी खावी लागली. पण राग ओसरल्यावर तो जे सांगू लागला, ते ऐकून मलाच हे प्रकरण नीट समजून घ्यावंसं वाटलं. कारण आज जवळपास प्रत्येक घरात एखादा असा मुलगा, भाचा किंवा पुतण्या असतो, ज्याला बाजारात यायच्या आधीची गोष्ट हवी असते.

खाणीतला पक्षी

आपण रोज वापरतो तो ब्राउझर म्हणजे पूर्ण शिजलेला पदार्थ. त्याआधीच्या कच्च्या अवस्थाही कुणालाही फुकट वापरायला मिळतात. क्रोमच्या अशा चार पायऱ्या आहेत. रोजच्या वापरातली स्टेबल, तिच्याआधी बीटा, तिच्याही आधी डेव्ह आणि सगळ्यात कच्ची कॅनरी. फायरफॉक्सच्या सर्वात कच्च्या आवृत्तीचं नाव नाइटली, म्हणजे रात्री रांधून सकाळी ताटात. मायक्रोसॉफ्ट एजच्याही अशाच पायऱ्या आहेत आणि अॅपल २०१६ पासून सफारीची चाचणी आवृत्ती वेगळी देतं.

कॅनरी हे नाव मला फार बोलकं वाटलं. पूर्वी कोळशाच्या खाणीत उतरताना कामगार पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूचा वास माणसाला येत नाही, पण या इवल्या पक्ष्याला त्याचा त्रास आधी होतो. पक्षी मलूल झाला की माणसं बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत थेट १९८६ पर्यंत होती. कॅनरी ब्राउझर जवळपास रोज नवा येतो आणि त्यातला बिघाड आधी वापरणाऱ्याला जाणवतो. म्हणजे पिंजऱ्यात कोण बसतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग लोक बसतात तरी कशाला? काहींना नवलाई हवी असते. वेबसाइट बनवणाऱ्यांना आपली साइट पुढच्या महिन्यात बंद पडणार नाही ना, हे आधी बघायचं असतं. आणि काही जण खरोखर मदत म्हणून हे करतात. कंपनीच्या प्रयोगशाळेत हजार संगणक असले तरी आपल्याकडचा सात वर्षं जुना लॅपटॉप, मधूनमधून जाणारं नेट आणि प्रिंटरचं अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर तिथे नसतं. ते आपल्याच घरात असतं.

क्रोमची पहिली गडबड

आज जगभर पसरलेला क्रोमसुद्धा २ सप्टेंबर २००८ रोजी चाचणी आवृत्ती म्हणूनच आला, तोही फक्त विंडोजसाठी. मॅकवाल्यांना बीटासाठी डिसेंबर २००९ पर्यंत थांबावं लागलं. गूगलने त्याची ओळख करून द्यायला स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क एक कॉमिक बनवून घेतलं होतं आणि ते ठरल्या दिवसाच्या आधीच काहींच्या हाती पडल्यामुळे बातमी फुटली. कॉमिकमधली मुख्य गोष्ट ही होती की, प्रत्येक टॅब स्वतंत्र चालेल. एक टॅब कोसळला तरी बाकीचे उभे राहतील. त्या काळात एक पान अडकलं की अख्खा ब्राउझर बंद पडायचा आणि अर्धवट लिहिलेली मेल हवेत विरून जायची, हे ज्यांना आठवत असेल त्यांना यातलं सुख कळेल.

पण पहिल्याच दिवशी काही जागरूक लोकांनी ‘मला मान्य आहे’ वर टिचकी मारण्याआधी अटी वाचल्या. त्यात असं कलम होतं की, या ब्राउझरमधून तुम्ही जे लिहाल, पाठवाल ते वापरण्याचा परवाना कंपनीला मिळतो. आरडाओरडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी गूगलने ते कलम बदललं. तोपर्यंत ज्यांनी ब्राउझर उतरवून घेतला होता, त्यांनाही बदललेलं कलम लागू झालं. चाचणी म्हणजे केवळ बटणं तपासणं नव्हे, अटी वाचणाराही परीक्षकच असतो. (मी स्वतः आजवर एकदाही पूर्ण अटी वाचलेल्या नाहीत, हे कबूल करते.)

बीटाचा शिक्का पुसून क्रोम त्याच वर्षी ११ डिसेंबरला पक्का झाला. त्याच कंपनीच्या जीमेलवर मात्र हा शिक्का २००४ पासून तब्बल पाच वर्षं होता. तेव्हा बीटा या शब्दाला फार घाबरायचंही कारण नाही.

दहाला एक वाचलं

चाचणीतून काय हाती लागतं, याचं माझं आवडतं उदाहरण ऑपेरा या ब्राउझरचं आहे. त्याची दहावी आवृत्ती चाचणीसाठी आली, तेव्हा चांगल्या चाललेल्या साइट अचानक ‘तुमचा ब्राउझर फार जुना आहे’ असं म्हणू लागल्या. कारण शोधलं तर हसू यावं असं. त्या साइट आवृत्तीच्या आकड्यातला फक्त पहिला अंक वाचत होत्या. दहामधला एक तेवढा दिसला आणि त्यांना वाटलं, ही पहिली आवृत्ती आहे! जगभरच्या साइट कोण दुरुस्त करत बसणार? म्हणून ऑपेराने स्वतःच साइटना आपली ओळख ‘९.८०’ अशी सांगायला सुरुवात केली आणि खरा आकडा ओळीच्या शेवटी ठेवला.

हीच भीती २०२२ मध्ये पुन्हा आली. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांचीही शंभरावी आवृत्ती त्या वर्षी येणार होती. या वेळी मात्र दोघांनीही आधीपासूनच चाचणी आवृत्त्यांत ‘मी शंभर’ असं सांगण्याची सोय करून ठेवली होती. कुठल्या साइट तीन अंकांना अडखळतात, ते आधी कळलं. मार्चअखेर क्रोमची आणि मेच्या सुरुवातीला फायरफॉक्सची शंभरावी आवृत्ती आली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

पैसे गेले, पावती नाही

आता आमच्या त्या रात्रीचं. तुम्ही साइटवर लॉगइन करता तेव्हा ती तुमच्या ब्राउझरजवळ एक खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी. फॉर्मच्या साइटवरून आपण पैसे भरायला बँकेच्या पानावर जातो आणि परत येतो, तेव्हा ब्राउझर तो बिल्ला दाखवतो आणि साइट आपल्याला ओळखते.

गैरवापर टाळण्यासाठी ब्राउझर बनवणाऱ्यांनी यात एक कडक नियम आणायचं ठरवलं. दुसऱ्या साइटवरून कुणी आत आलं, तर ज्या बिल्ल्यावर तशी स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही तो दाखवायचाच नाही. नियम चांगलाच होता. त्यामुळे एखाद्या लबाड साइटला तुमच्या लॉगइनच्या आडून व्यवहार करता येत नाही. पण ज्या साइटनी आपल्या बिल्ल्यावर ती परवानगी लिहिलीच नव्हती, त्यांना पैसे भरून परतलेला माणूस अनोळखी वाटू लागला. आमच्या फॉर्मच्या साइटचं तेच झालं होतं. चाचणी आवृत्तीत नियम आधी आला होता, साइट तयार नव्हती.

हा नियम क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी हळूहळू लागू करायला घेतला आणि पाठोपाठ कोरोना आला. सगळं जग बँक, किराणा, दवाखाना आणि सरकारी कामांसाठी एकाएकी इंटरनेटवर आलं. अशा वेळी एखादी साइट अडली तर लोकांचे हाल होतील, म्हणून ३ एप्रिलला गूगलने नियम तात्पुरता मागे घेतला आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू केला. एरवी कंपन्यांचं कौतुक करायची मला सवय नाही, पण हा निर्णय शहाणपणाचा होता.

आचारी की आचार्य?

मराठी वाचकाने चाचणी आवृत्ती वापरावी, याचं एक कारण मला फार पटतं. आपल्या ‘ल’ आणि ‘श’ चं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पान मराठी असल्याची खूण वाचून ब्राउझरने योग्य ते निवडायचं असतं. तसाच आपला तो ‘ऱ्य’. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यात केवढा फरक! अक्षरं मांडणाऱ्या भागात काही बदल झाला आणि हे जोडाक्षर बिघडलं, तर परदेशातल्या इंजिनीअरला ते दिसणार नाही. त्याला दोन्ही सारखीच चित्रं. ते आपल्यालाच दिसणार.

फायरफॉक्सचे मेनू मराठीतही आहेत आणि त्यांचं भाषांतर स्वयंसेवक पाँटून नावाच्या साइटवर करतात. ती वाक्यं आधी नाइटलीत दिसतात. बटणावर न मावणारा शब्द किंवा उगाच जड झालेलं वाक्य तिथेच पकडता येतं. भाषेवर प्रेम करणाऱ्या, निवृत्त झालेल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना हे काम मस्त जमेल. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

घरात आणायचाच असेल तर

चाचणी ब्राउझर नेहमीच्या ब्राउझरच्या जोडीला राहू शकतो, त्याला काढून टाकायची गरज नसते. मात्र तो लिंक उघडणारा मुख्य ब्राउझर म्हणून निवडू नका. बँक, शेअर, विमा, प्राप्तिकर, परीक्षेचे फॉर्म, तिकिटं, यातलं काहीही त्यात करायचं नाही. लॅपटॉप सगळ्या घराचा असेल तर आयकॉन समोर ठेवू नका, हे आम्ही नऊ दिवस पैशांची वाट बघून शिकलो.

त्यात तुमचं नेहमीचं खातं जोडून सिंक सुरू केलं की सगळे पासवर्ड आणि बुकमार्क तिथे उतरतात आणि तिथे काही पुसलं गेलं तर ते सगळीकडे पुसलं जाऊ शकतं. वेगळं खातं वापरा किंवा खातं जोडूच नका. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नव्या आवृत्तीने हाताळलेली माहिती जुनी आवृत्ती नीट वाचेलच असं नाही. फायरफॉक्स तर २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून अशा वेळी जुन्या प्रोफाइलला हात लावू देत नाही, नवी प्रोफाइल बनवायला सांगतो. वर चढणं सोपं, उतरणं अवघड. चाचणी आवृत्त्या तुमच्या वापराची माहिती बनवणाऱ्यांकडे अधिक पाठवतात, तेही गृहीत धरा.

ब्राउझर घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरून. तिथे क्रोम कॅनरीच्या नावातच ‘अनस्टेबल’ असं लिहिलेलं आहे, तेवढा प्रामाणिकपणा पुरेसा आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणारी फाइल किंवा पान बघताबघता येणारी ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, लगेच अपडेट करा’ ही पाटी यांच्यावर बोट ठेवू नका. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूत मिळतं.

सध्या मुलांच्या तोंडी आहेत ते एआय ब्राउझर. २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा अॅटलास आले. हे ब्राउझर तुमच्या वतीने पान वाचतात, फॉर्म भरतात, टिचक्या मारतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, पानावर लपवून लिहिलेल्या सूचना कॉमेटचा मदतनीस मालकाची आज्ञा समजून पाळू शकत होता, अगदी मेलमधला ओटीपी उचलून बाहेर देण्यापर्यंत. साध्या चाचणी ब्राउझरमध्ये पान बिघडतं. इथे मदतनीसच फितूर होऊ शकतो. माझ्या घरात अशा ब्राउझरमध्ये मेल उघडायला मी अजून परवानगी दिलेली नाही.

तक्रार कशी लिहायची

बिघाड दिसला आणि गप्प बसलात, तर पिंजऱ्यात बसून काय मिळवलं? क्रोममध्ये आल्ट, शिफ्ट आणि आय ही बटणं एकत्र दाबली की तक्रारीची खिडकी उघडते. फायरफॉक्सच्या मेनूत बिघडलेली साइट कळवायची सोय आहे. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे क्रमाने लिहायचं. सोबत आवृत्तीचा आकडा आणि साइटचा पत्ता द्यायचा. पडद्याचा फोटो जोडताना त्यातलं नाव, फोन आणि खाते क्रमांक झाकायचे.

माझ्या मुलाने पहिल्यांदा फक्त ‘पैसे भरल्यावर पान चालत नाही’ एवढंच लिहिलं होतं. त्यावर ‘कुठलं पान?’ असा उलट प्रश्न आला. दुसऱ्यांदा त्याने सगळं क्रमवार लिहिलं, तेव्हा अकरा दिवसांनी उत्तर मिळालं, ब्राउझर नियमाप्रमाणेच वागतो आहे, बदल साइटने करायला हवा. ते उत्तर जोडून त्याने परीक्षेच्या साइटवाल्यांना मेल केली. त्यांच्याकडून काही आलं नाही. पुढच्या वर्षी भाच्याचा फॉर्म भरायला बसलो, तेव्हा मी चष्मा लावून आधी आयकॉनचा रंग बघितला. मुलगा शेजारी दुसरा लॅपटॉप घेऊन बसला होता, त्यात पिवळा आयकॉन. पैसे भरून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘आता मी यात लॉगइन करून बघू?’’ भाच्याची पावती छापून हातात येईपर्यंत मी त्याला हात लावू दिला नाही.