करोनाचे काटे खरेच लाल असतात का?

एप्रिल २०२१. दुसरी लाट ऐन भरात होती. लोणी काळभोरच्या माझ्या दवाखान्यात साठीचे एक शेतकरी आले. पाच दिवसांचा ताप, कोरडा खोकला. घशाची तपासणी करून घ्या म्हटले, तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, थुंकीत असलं लाल काहीच पडत नाही. मला करोना नाही." बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८८. तातडीने पुण्याला पाठवले. तीन आठवड्यांनी ते सुखरूप परतले. पण ते पाच दिवस वाया गेले होते, आणि तक्ता मीच लावला होता.

वाचकहो, राखाडी गोळा आणि त्यावर लाल काटे हे चित्र जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतील अलिसा एकर्ट व डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी तयार केले. त्यातले रंग त्यांनी निवडलेले आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या. विषाणू त्याहून कितीतरी लहान. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातूनच पाहावा लागतो, आणि तेथे चित्र उमटते काळे-पांढरे.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केरळमधील पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यातून असे छायाचित्र घेतले. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये ते २०२० साली छापून आले. त्यातला नीट टिकलेला एक कण ७५ नॅनोमीटरचा होता. असे हजारभर कण ओळीने ठेवले तर एका केसाची जाडी भरेल! दिसायला म्हणाल तर धूसर ठिपका आणि कडेने झालर, एवढेच. असे छायाचित्र तक्त्यावर लावले असते तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

म्हणून चित्रकार लागतो. प्रथिनांतील अणूंच्या जागा शास्त्रज्ञ मोजतात आणि 'प्रोटीन डेटा बँक' या १९७१ पासूनच्या संग्रहात ठेवतात. चित्रकार तेथून आकार घेतो, रंग आपल्या मनाचे भरतो. डेव्हिड गुडसेल हे अमेरिकन शास्त्रज्ञ तर स्वतः हाताने जलरंगात विषाणू रंगवतात. विज्ञान नियतकालिकांची मुखपृष्ठे अशाच चित्रांनी सजतात. थोडी अतिशयोक्तीही चालते. प्रत्यक्षात एका विषाणूवर काटे सरासरी २५ च्या आसपास मोजले गेले. चित्रात मात्र त्यांची दाटी दिसते.

तरीही चित्र टाकाऊ नव्हे. तो राखाडी पृष्ठभाग म्हणजे चरबीचे आवरण. साबणाने ते फुटते, म्हणून हात धुण्याचा एवढा आग्रह. काट्यांनी विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. शेजारच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड लस शरीराला नेमकी या काट्याचीच ओळख करून देत होती. हे मी रुग्णांना तोंडी सांगून थकलो असतो. तक्त्यामुळे दोन मिनिटांत पटत असे.

तो तक्ता मी काढलेला नाही. खाली जाड पेनाने लिहून ठेवले आहे : "रंग चित्रकाराचे आहेत. थुंकीचा रंग पाहून आजार ठरवू नये. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा दम लागला, तर लगेच यावे."