शाळेची इमारत आणि पुरस्काराची फाइल

शाळा आणि विद्यापीठांच्या इमारतींना वास्तुरचनेसाठी मिळणारे पुरस्कार ढोबळमानाने दोन जातींचे आहेत. एका जातीत परीक्षक नकाशे आणि छायाचित्रे पाहून निकाल देतात. दुसऱ्या जातीत कोणीतरी प्रत्यक्ष इमारतीत जाऊन ती वापरणाऱ्यांशी बोलते. प्रवेशिका भरण्याआधी आपला पुरस्कार यांपैकी कुठला हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण त्यावर पुढचा सगळा खर्च आणि खटाटोप ठरतो.

पहिल्या जातीतला मोठा जागतिक मेळा म्हणजे 2008 मध्ये बार्सिलोनात सुरू झालेला ‘वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हल’. त्यात शाळा आणि उच्च शिक्षण असे स्वतंत्र गट आहेत. अंतिम यादीत आलेल्या वास्तुविशारदाला परीक्षकांसमोर उभे राहून आपली इमारत मांडावी लागते. प्रवेश शुल्क, प्रवास आणि व्यावसायिक छायाचित्रे हा भार मोठी कार्यालयेच सहज उचलतात. भारतातही जे. के. सिमेंटचे ‘आर्किटेक्ट ऑफ द इयर’ पुरस्कार 1990 पासून दिले जातात, आणि 1917 मध्ये मुंबईत स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स आपले पुरस्कार देते. पुण्याजवळच्या मुळशीतील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजसाठी ख्रिस्तोफर बेनिंजर यांना 2000 मध्ये ‘बिझनेस वीक’ आणि ‘आर्किटेक्चरल रेकॉर्ड’ या अमेरिकी नियतकालिकांचा संयुक्त पुरस्कार मिळाला. तिथे कसोटी वेगळी होती. चांगल्या रचनेमुळे संस्थेचे काम किती साधले, हे पाहिले जाई.

दुसऱ्या जातीचा नमुना म्हणजे 1977 मध्ये स्थापन झालेला आगाखान वास्तुकला पुरस्कार. मुस्लिम समाजाचे लक्षणीय वास्तव्य असलेल्या प्रदेशांतील कामे त्यासाठी विचारात घेतली जातात. दर तीन वर्षांनी 10 लाख डॉलरची रक्कम विजेत्या प्रकल्पांत वाटली जाते, आणि ती केवळ वास्तुविशारदाला नव्हे तर मालकाला, अभियंत्याला आणि कधी गवंड्यालाही मिळते. इमारत किमान वर्षभर वापरात असली पाहिजे, ही अट आहे. निवडक प्रकल्पांवर तज्ज्ञ पाठवून पाहणी होते. गळणारे छत छायाचित्रात लपते, पाहणीला आलेल्या माणसापासून लपवणे अवघड.

या पुरस्काराने महाराष्ट्रातल्या आडगावाची दखल घेतलेली आहे. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील लासूरच्या कुष्ठरोग रुग्णालयाला तो 1998 मध्ये मिळाला. पेर ख्रिस्टियन ब्रिनिल्डसेन आणि यान ओलाव येन्सेन हे दोन नॉर्वेजियन तरुण त्याचे रचनाकार. स्थानिक दगडाच्या भिंती आणि विटांची कमानी छते एवढ्या साहित्यात त्यांनी काम केले. ती शाळा नाही, पण तुटपुंज्या पैशात उभ्या राहिलेल्या सार्वजनिक इमारतीसाठी याहून जवळचा दाखला राज्यात सापडणे कठीण.

शाळेसाठीचा थेट दाखला आफ्रिकेतला आहे. बुर्किना फासोमधील गांदो गावची प्राथमिक शाळा फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये शिकत असतानाच निधी उभारून 2001 मध्ये पूर्ण केली. तिला 2004 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, आणि केरे यांना 2022 मध्ये प्रित्झकर. थोडे सिमेंट मिसळलेल्या दाबीव मातीच्या विटांच्या भिंतींवर छिद्रे असलेले छत आहे. त्याच्या वर काही अंतर सोडून पत्रा उचलून धरलेला आहे. तापलेला पत्रा आणि वर्ग यांच्यामध्ये हवा खेळती राहते. काम गावकऱ्यांनी केले.

मराठवाड्यात पैनगंगा-कयाधूच्या खोऱ्यातल्या हदगाव तालुक्याला ही रचना परकी वाटणार नाही. उन्हाळ्यात 40 अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि वर पत्रा, ही इथली ओळखीची जोडी आहे. त्यात काळ्या मातीची भर. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतीला तडे जातात. मुरूम भरून, जोत्याला बीम बांधून किंवा रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले तळाशी फुगीर पाइल घालून यावर उपाय होतो. बरेच गुत्तेदार मात्र अंदाजपत्रकात बसेल तेवढाच खोल पाया घेतात.

भूकंपाचा हिशेबही मराठवाड्यात चुकवता येत नाही. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3.56 वाजता हादरा बसला, तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांनीच माणसे गाडली. वेळ शाळेची नव्हती. 2002 च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणून इथल्या शाळेच्या प्रवेशिकेत आडवे भूकंपपट्टे कुठे दिले, कोपऱ्यात सळई कशी बांधली, हे दाखवणारा छेद-नकाशा देखण्या दर्शनी छायाचित्राइतकाच मोलाचा ठरावा.

खरी अडचण निराळीच आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा ठरावीक नमुना नकाशावर बांधल्या जातात. त्यांना रचनाकार असा कोणी नसतोच, मग प्रवेशिकेवर नाव कोणाचे घालायचे? नमुना नकाशा गाव, दिशा, वारा काही विचारत नाही. याउलट कोपरगावजवळ कोकमठाणच्या शाळेतील माया सोमैया ग्रंथालय पाहावे. समीप पडोरा यांच्या कार्यालयाने 2018 मध्ये ते शाळेच्या इमारती आणि कुंपणाची भिंत यांच्यातल्या अरुंद पट्ट्यात बसवले. पातळ विटांच्या थरांचे वक्र छत जमिनीतून वर येते आणि मुले त्यावरून चालतात. जागेचा अभ्यास झाला की उरलेसुरले कोपरेही कामाला येतात.

राज्य शासनाची ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा 2023-24 पासून सुरू झाली. तिचे राज्यस्तरीय पहिले बक्षीस 51 लाखांचे. स्वच्छता, परसबाग, सजावट यांना तिने चालना दिली, हे मान्य. मात्र रंगवलेली भिंत आणि नीट बांधलेली भिंत यांत फरक करणारी वास्तुरचनेची कसोटी ती नव्हे. जुन्या वास्तूंसाठी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार आहे. इमारत 50 वर्षांहून जुनी हवी आणि दुरुस्तीनंतर किमान वर्षभर वापरात हवी. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला हा सन्मान मिळाला आहे. मराठवाड्यातल्या निजामकालीन शाळाखोल्या सरसकट पाडण्याआधी ही अट एकदा वाचावी.

प्रवेशिकेला लागणारे कागद बांधकाम संपल्यावर जमवता येत नाहीत. जोत्याच्या वेळचे छायाचित्र नंतर काढता येत नाही, बदललेला नकाशा आठवणीतून उतरवता येत नाही. तेव्हा हदगाव, तामसा परिसरातल्या मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी नवी खोली मंजूर होताच एक फाइल उघडावी. तिच्यात मंजूर नकाशा, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, मोजमाप पुस्तिकेची प्रत, चौरस मीटरमागे खर्च, गवंड्यांची नावे आणि मे महिन्यात दुपारी वर्गात व बाहेर घेतलेले तापमान ठेवावे.